निवडणीचा उजेड

बद्रीनाथनं शेडला मोठा दिवा बसवला त्या संध्याकाळी सगळं घर पाच मिनिटं हात जोडून उभं होतं.

दिवेलागणीला पहिला दिवा लागला की हात जोडायचे, हा त्या घरचा रिवाज. बल्ब होते तोवर काही अडचण नव्हती. बटण दाबलं, उजेड पडला, हात जोडले, कामाला लागले. या दिव्याचं तंत्रच निराळं निघालं. बटण दाबल्यावर शेडच्या आढ्याला आधी नुसता गुलाबी ठिपका दिसला. मग तो जरा फुगला, तांबूस झाला, आणि बारीक गुणगुणायला लागला. बद्रीनाथची आई चतुराबाई, त्याची बायको साळू आणि टमाट्याच्या तोड्याला आलेल्या तिघी बाया हात जोडून वर बघत राहिल्या.

"आता लागला म्हनायचा का?" चतुराबाईनं विचारलं.

"दम काढ ना, आई. तापायलाय त्यो."

"मंग हात खाली घेऊ का? भरून आले."

साळूला हसू आवरेना. तिनं पदर तोंडात धरला. शेवटी एकदाचा दिवा पुरा पेटला आणि शेड, पुढचं अंगण, गोठ्यातल्या बैलांची तोंडं, सगळं पिवळंधमक झालं. सुई हरवली असती तर सापडली असती एवढा उजेड! बाया "अगं बाई" म्हणाल्या. बद्रीनाथ कमरेवर हात ठेवून सगळ्यांकडं बघत होता, जणू काही दिवा त्यानंच घडवला होता.

दिव्याची गरज होती हे मात्र खरं. फुलंब्रीच्या पुढं, गिरिजेच्या काठाला निंबखेडा म्हणून गाव आहे, तिथं त्यांचा टमाट्याचा मळा. त्या साली चैत लागायच्या आधीच ऊन असं तापलं, की सकाळी हिरवट दिसलेला टमाटा दुपारी तांबडा व्हायचा. त्यात आल्याची काढणी निघाली, आणि बाया सकाळी तिकडं जाऊन दुपारनंतर मळ्यात यायला लागल्या. तोडा संपायला दिवस बुडायचा. रात्री साडेआठला फकिराचा टेम्पो दारात उभा. मधल्या दीड-दोन तासांत सगळा माल निवडून कॅरेटात भरायचा, आणि तोही दोन बल्बांच्या उजेडात. शेड उंच, टेम्पो आत यावा म्हणून तीन बाजूंनी उघडी. बल्बचा उजेड खाली येईपर्यंत निम्मा वरच विरून जायचा. ट्यूबलाइट लावून पाहिल्या, तर सांजच्याला विजेचा दाब कमी झाला की त्या नुसत्या फडफडायच्या.

म्हणून बद्रीनाथ शहरात, औरंगपुऱ्यातल्या अनंतरावांच्या विजेच्या दुकानात गेला होता. अनंतरावांनी विचारलं, "दिवा कशासाठी पाहिजे?" बद्रीनाथ म्हणाला, "शेडसाठी." त्यापुढं तो एक अक्षर बोलला नाही. दुकानदाराला आपला धंदा कळला की भाव चढतो, ही त्याच्या बापाची शिकवण. बाप जाऊन सात वर्षं झाली होती, शिकवण ठणठणीत होती. अनंतरावांनी सांगितलं की सोडियमचा घ्या, मोठ्या रस्त्यांवर असतो तोच, वीज कमी खातो आणि उजेड भरपूर देतो. त्यात खोटं काहीच नव्हतं.

निवडणीला चतुराबाई बसायची. पोतं अंथरायचं, एक गुडघा उभा, एक आडवा, पुढ्यात टमाट्याचा ढीग. तिचे दोन्ही हात एकाच वेळी चालायचे आणि टमाटे तीन वाटांनी घरंगळायचे. पक्का लाल एकीकडं, तो शहराच्या बाजारात. तांबूस दुसरीकडं, तो ट्रकनं लांब नागपूरला. दोन दिवसांच्या प्रवासात तो बरोबर पिकतो. हिरवा तिसरीकडं, तो घरीच पाचटात पिकत घालायला. वीस वर्षं ती हे करत होती. शहरातले अडते नानासाहेब सगळ्यांपुढं म्हणायचे, "चतुराबाईंचं कॅरेट उघडून बघायची गरज नाही." घरात देवाच्या खालोखाल या वाक्याला मान होता.

दिवा लागल्यावर काम झपाट्यानं व्हायला लागलं. आठच्या आत कॅरेट तयार. आणि पाचव्या दिवशी फकिरा टेम्पो घेऊन आला, तो रिकामा आला नाही. सहा कॅरेट माघारी आली होती. त्यातून लाल पाणी गळत होतं.

"नानासाहेब लई तापलेत," फकिरा खाली उतरत म्हणाला. "नागपूरच्या मालात पक्के टमाटे निघाले. रस्त्यात निम्म्याचा चिखल झाला म्हने. त्यांनी इचारलंय, निवडायला कोन बसतंय आता?"

बद्रीनाथनं एक टमाटा उचलला. त्याच्या बोटांत तो फुटला. हात झटकून तो आईकडं न बघताच बोलला, फकिरापुढं, तिन्ही बायांपुढं.

"आईची नजर गेली. सांग नानासाहेबाला. उद्यापासून साळू बसंल."

चतुराबाईचे हात ढिगावर होते ते तिथंच थांबले. मग ती गुडघ्यावर तळवा दाबून उठली, लुगड्याचा सोगा झटकला, आणि हौदाकडं जाऊन रिकामी कॅरेटं धुवायला लागली. साळूला फार वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर त्याच्याखाली कुठंतरी एवढीशी गुदगुलीही झाली. चौदा वर्षं ती सासूच्या डाव्या हाताला बसून नुसती कॅरेटं पुढं सरकवत होती.

गुदगुली तीन दिवस टिकली. चौथ्या दिवशी साळूनं निवडलेली कॅरेटं माघारी आली, एक-दोन नाही, नऊ. नानासाहेबांनी या वेळी ती ट्रकला चढवायच्या आधीच उघडून पाहिली होती. नानासाहेबांचा निरोप होता की आणखी एकदा असं झालं तर लांबच्या ट्रकला तुमचा माल चढणार नाही. म्हणजे सगळा माल शहरातच विकायचा, जिथं त्या उन्हात टमाट्याला कुत्रं विचारत नव्हतं.

"तुव्ही बी नजर गेली का?" बद्रीनाथ ओरडला. साळू रडली नाही. तिला राग आला होता आणि रागापेक्षा नवल जास्त वाटत होतं. आपण झोपेत होतो का? की नशा केली होती?

सकाळी उन्हं आल्यावर तिनं एक माघारी आलेलं कॅरेट अंगणात उपडं केलं. बघते तर काय, लाल आणि तांबूस सरमिसळ, मधूनच एखादा हिरवट. आंधळ्यानं हात लावला असता तरी याच्यापेक्षा बरं निवडलं असतं. ती पाय पसरून मातीत बसली आणि एक एक टमाटा वेगळा करायला लागली. पाच मिनिटांत तीन ढीग झाले. काहीच अवघड नव्हतं.

चतुराबाई हौदावर दात घासत होती. चूळ भरून ती जवळ आली.

"आता दिसायलंय ना?"

"दिसायलंय की. मंग सांजच्याला काय झालतं, आत्याबाई?"

"मपलं बी तेच झालतं. सकाळी ती सहा कॅरेटं पाह्यली, मला सगळं दिसलं. तव्हापासून डोकं फिरलंय." तिनं साळूच्या हाताकडं बोट केलं. "तुव्ह्या बांगड्या कोन्त्या रंगाच्या?"

"हिरव्या."

"आज सांजच्याला दिव्याखाली मला परत सांग. ठाऊक हाय म्हून नको सांगू. डोळ्याला दिसंल ते सांग."

दिवसभर साळूचं लक्ष मळ्यात नव्हतं. केव्हा एकदा दिवस बुडतो असं तिला झालं. दिवा लागला, तापला, पिवळा झाला. साळूनं हात वर धरला आणि ती बघतच राहिली. बांगड्या मातकट होत्या. तिनं हात उलटा केला, सुलटा केला. मातकटच. मग त्या दोघींना चाळाच लागला. साळूनं घरातून कुंकवाचा करंडा आणला. कुंकू काळपट दिसलं, चुलीतल्या राखेत पाणी पडावं तसं. हळद आणली, ती पांढऱ्या पिठाशेजारी ठेवली, दोन्हींत फरक कळेना. चतुराबाईनं जीभ बाहेर काढली. साळूनं ती बघून "आत्याबाई, मेलेल्या म्हशीची दिसायलीय" म्हटलं, आणि दोघी अशा हसल्या की बैलांनी माना वर केल्या. एवढ्या वर्षांत सासूबरोबर असं हसल्याचं साळूला आठवत नव्हतं.

"काय तमाशा लावलाय?" बद्रीनाथ आला. "टेम्पो यायलाय, आन् तुम्ही—"

"इथं बस," चतुराबाई म्हणाली. तिनं दोन्ही हात पाठीमागं नेले आणि दोन टमाटे पुढं धरले. "लाल कोन्ता?"

"ह्यो."

"जा, घरात बल्बखाली बघून ये."

बद्रीनाथ गेला, आला. हातातला टमाटा तांबूस निघाला.

"आता हे दोन."

पुन्हा गेला, पुन्हा आला. पाच वेळा गेला. पाचातून तीनदा चुकला. शेवटच्या खेपेला तो दारातच उभा राहिला, हातात टमाटा, आणि वर दिव्याकडं बघायला लागला. नवा बैल नांगराला अडला की बघतो तसं तो बघत होता.

"तुव्ही बी नजर गेली म्हनायची," चतुराबाई म्हणाली.

त्या रात्री लांबच्या ट्रकला माल दिला नाही. सकाळी चतुराबाईनं एका पाटीत टमाटे भरले, पंधरा लाल, पंधरा तांबूस, पंधरा हिरवट, वर ओलं फडकं टाकलं. पाटी डोक्यावर घेऊन ती जीपमध्ये चढली आणि मागोमाग साळू. बद्रीनाथ म्हणाला की दुकानात टमाटे कशाला, लोक हसतील. चतुराबाईनं त्याला मागच्या सीटवर बस म्हणून सांगितलं.

औरंगपुऱ्यात रिक्षांची, स्कूटरींची नुसती गर्दी. अनंतरावांच्या दुकानाच्या पायरीवर पाटी उतरवताच आतला नोकर हात हलवत म्हणाला, "अम्मा, भाजीमंडी उधर है, अगली गली में."

"मला ठाऊक हाय मंडी कुठं हाय ती," चतुराबाई म्हणाली. "दिवा बघायला आले."

गिऱ्हाइकं हसली. बद्रीनाथनं मान खाली घातली. साळूचे कान तापले, पण तिनं पाटी आत सरकवली. अनंतराव चष्मा कपाळावर सरकवून पुढं आले. सत्तरीच्या घरातले, धोतर आणि वर बुशशर्ट. त्यांनी फडकं उचलून टमाटे पाहिले, चतुराबाईकडून दिव्याखालच्या निवडणीची हकिकत ऐकली, मग बद्रीनाथला पाहिलं.

"तुम्ही शेड म्हणालात. मी समजलो गुरांची."

बद्रीनाथ पाटीवरच्या फडक्याची घडी करायला लागला.

"अहो, डॉक्टरला दुखणं सांगतो तसं दिवेवाल्याला काम सांगायचं असतं. रस्त्यावर खड्डा दिसला म्हणजे झालं, तिथं सोडियम उत्तम. तुम्ही त्याच्याखाली रंग ओळखायला बसलात? त्या उजेडात पिवळ्याखेरीज दुसरा रंगच फारसा नसतो. जो रंग उजेडात नाही तो टमाट्यावर कुठून दिसणार?"

हे शेवटचं वाक्य साळूनं मनात दोनदा म्हणून पाहिलं. तिला वाटायचं, रंग टमाट्याचा असतो. अर्धा उजेडाचाही असतो, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

अनंतराव उत्साही माणूस. दुकानामागं त्यांचं अंधारं गुदाम होतं. तिथं त्यांनी नोकराला शिडीवर चढवून तीन दिवे टांगले आणि एक एक लावायला सांगितला. चतुराबाईनं खाली पोतं मागितलं, ते अंथरलं, आणि एक गुडघा उभा करून बसली.

आधी पिवळा. तिनं पंचेचाळीस टमाटे निवडले. अनंतराव आणि साळूनं तिन्ही ढीग वेगवेगळ्या टोपल्यांत उचलून बाहेर पायरीवर उन्हात नेले. सतरा चुका. मघाची गिऱ्हाइकं आता हसायचं सोडून टोपल्यांत डोकावत होती.

मग पाऱ्याचा दिवा. तो निळसर पांढरा. "पारा म्हंजे औषधातला?" चतुराबाईनं विचारलं, आणि अनंतराव म्हणाले की तोच, पण इथं त्याची वाफ होते. त्याच्या उजेडात साळूला स्वतःचे हात आजारी माणसाचे वाटले. हिरवे टमाटे झकास दिसत होते, पण लाल टमाटे वांग्यासारखे काळवंडले. उन्हात मोजल्या तेव्हा आठ चुका निघाल्या.

तिसरा मेटल हॅलाइडचा. तो आधी निळा झाला, मग हिरवा, मग जांभळट, आणि साळू तोंड उघडं टाकून बघत असतानाच हळूहळू पांढरा होत गेला. खाली पोत्यावर टमाटे लाल झाले. सकाळी नऊला मळ्यात दिसतात तसे लाल. चतुराबाईचे हात आपोआप सुटले आणि टमाटे तीन वाटांनी घरंगळायला लागले. साळू तिच्या बोटांकडं बघत राहिली.

उन्हात दोन चुका निघाल्या. अनंतराव म्हणाले की दोन चुका तर मी दिवसाही करीन.

"हाच द्या," चतुराबाई म्हणाली.

"थांबा, याच्या खोडी ऐका. महाग आहे. त्या पिवळ्याइतका टिकत नाही. याचा चोक निराळा, जुन्यावर चालवायचा नाही. आणि लाईट गेली, अगदी मिनिटात परत आली, तरी हा लगेच लागत नाही. आधी निवतो. दहा मिनिटं, कधी पंधरा. घाई करून उपयोग नाही."

"तेवढ्यात टेम्पो येईल की दारात," बद्रीनाथ म्हणाला.

"येऊ दे," चतुराबाई म्हणाली. "टेम्पोच्या घाईनं सहा कॅरेटं सडली. आन् नंतर नऊ माघारी आली."

अनंतरावांनी जुना दिवा टाकू नका म्हणून सांगितलं. तो अंगणात गोठ्याच्या बाजूला लावा, तिथं रंगाशी काम नाही.

नवा दिवा लागला त्या संध्याकाळी फकिरा आला तेव्हा चतुराबाई पोत्यावर होती. बद्रीनाथ बराच वेळ कॅरेटांच्या दोऱ्या उगीच आवळत राहिला. मग त्याच तिघी बायांच्या देखत म्हणाला, "फकिरा, नानासाहेबाला सांग. आईची नजर गेली नव्हती. दिवा म्या चुकीचा आनला व्हता."

त्याला ते जड गेलं, हे साळूला दिसलं. नवऱ्याचा तिला त्या दिवसांत पहिल्यांदाच अभिमान वाटला.

पुढं आठ दिवस एकही कॅरेट माघारी आलं नाही. नवव्या दिवशी नानासाहेबांचा निरोप आला, की आता उघडून बघणं बंद केलंय.

त्याच संध्याकाळी सात-सव्वासातला लाईट गेली आणि दोन मिनिटांत आली. घरातले बल्ब लागले, अंगणातला पिवळा दिवाही थोड्या वेळानं गुलाबी होऊन तापायला लागला. शेडमधला मात्र काळाठिक्कर. बद्रीनाथ दिव्याला ढोसायला बांबू घेऊन धावला.

"राहू द्या," साळू म्हणाली. "निवायलाय त्यो. दहा मिनिटं बसा गुमान."

तो चिडचिडत टेम्पोची वाट बघायला रस्त्यावर गेला. तोड्याच्या बाया पाणी प्यायला उठल्या. साळू आणि चतुराबाई दोघीच पोत्यावर राहिल्या, पुढ्यात निम्मा ढीग. काम असून रिकामं बसायची सवय दोघींनाही नव्हती. चतुराबाईनं उभा गुडघा आडवा केला आणि ती तो बोटांनी चोळायला लागली. अंगणातला दिवा पुरता पेटला होता. ती बराच वेळ त्याच्याकडं बघत होती.

"साळू, त्या दिव्याभवती तुला कडं दिसतं का गं?"

"कसलं कडं?"

"रंगीत. गोल. पावसात चंद्राला पडतं तसलं."

साळूनं डोळे बारीक केले, मोठे केले. तिला दिवा दिसत होता आणि त्याच्याभोवती किडे. "नाय दिसत."

"मला दिसतं," चतुराबाई म्हणाली. "दिवाळीपासून दिसतं. चिमनीभवती बी. चुलीच्या जाळाभवती बी."

साळूच्या माहेरी एका चुलत्याला असंच कडं दिसायचं, आणि पुढं त्याला ताटातली भाकरी दिसेनाशी झाली होती.

"मंग आत्याबाई, नजर..."

"व्हय. जराशी गेलीया. उन्हात चालतंय, ह्या नव्या दिव्यात बी चालतंय. अजून वरीसभर चालंल."

"आन् ह्यांनी सगळ्यांपुढं म्हनलं तव्हा का नाय सांगितलं? उगं आम्ही दिव्याला नावं ठेवली."

"दिवा वाईटच व्हता की. तू बी चुकली, त्यो बी चुकला." चतुराबाईनं ढिगातला एक टमाटा उचलून अंधारात बोटांनी चाचपला. "पर तव्हाच मी व्हय म्हनले असते, तर दिवा कुनी बदलला असता?"

साळूनं मनात हिशेब मांडला. सासूला उठवलं असतं, आपल्याला बसवलं असतं, मग आपल्याला उठवून एखाद्या तोड्याच्या बाईला. पिवळा दिवा तसाच जळत राहिला असता आणि त्याच्याखाली एकेकीची नजर जात राहिली असती.

वर आढ्याला निळा ठिपका उमटला. दोघींनी वर पाहिलं. चतुराबाईनं गुडघा उभा केला.

"परवा तोडा नाय," साळू म्हणाली. "परवा आपुन दोघी शहरात जाऊ. डोळ्याच्या डाक्तराकडं."

"बद्रीला काय सांगशीन?"

"खरं ते सांगन."

दिवा हिरवा झाला, मग पांढरा होत आला, आणि पुढ्यातल्या ढिगाला रंग चढायला लागले. साळू आपलं पोतं उचलून सासूच्या उजव्या हाताला आली. लाल की तांबूस असा संशय येईल तो टमाटा चतुराबाईनं न बोलता तिच्याकडं सरकवायचा आणि तिनं न बोलता तो त्याच्या ढिगात टाकायचा, असं त्या दोघी टेम्पो येईपर्यंत निवडत राहिल्या.